शंख समुद्राचे, थर वाऱ्याचे

राजकोटहून अहमदाबादकडे जाताना वाटेत चोटिला लागतं. चामुंडामातेचं ठाणं असलेली एक सुटी टेकडी, माथ्यापर्यंत पायऱ्या, पायथ्याला नारळ-चुनरीची दुकानं. टेकडीचा दगड महाराष्ट्रातल्या माणसाला ओळखीचा वाटावा असाच आहे, काळा आणि ज्वालामुखीचा. सह्याद्री ज्या लाव्हातून घडला, त्याच लाव्हाने सौराष्ट्राचाही फार मोठा भाग झाकलेला आहे. १८८४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडनने काठेवाडच्या भूशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्यात या टेकडीची नोंद आहे. काळ्या कातळाच्या अंगावर, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरांच्या आसपास, पिवळसर चुनखडक चिकटलेला आहे आणि त्या चुनखडकात समुद्रातल्या जीवांची कवचं आहेत.

समुद्र तिथून दूर आहे. मग कवचं वर गेली कशी? एक तर कधी काळी समुद्र तेवढा चढला असेल, नाहीतर टेकडी तेवढी उचलली गेली असेल. दोन्ही उत्तरं चटकन सुचणारी आणि दोन्ही अडचणीत आणणारी. समुद्र खरोखरच साडेतीनशे मीटर चढला असता, तर त्याने केवळ चोटिल्यावर खूण ठेवून भागलं नसतं. गुजरातच्या मैदानापासून कोकणपट्टीपर्यंत जागोजागी त्याचा गाळ सापडला असता. तो सापडत नाही. आणि टेकडी उचलली म्हणावं, तर तिच्या भोवतालची जमीन का उचलली गेली नाही, हे सांगावं लागतं. या एका खडकावर भूवैज्ञानिक शंभरेक वर्षं भांडत राहिले ते याचमुळे.

खडकाचं शास्त्रीय नाव मिलिओलाइट चुनखडक. बाजारातलं नाव पोरबंदरी दगड. सौराष्ट्रातल्या माणसाला विचाराल तर तो ‘बेला’ म्हणेल, कारण खाणीतून कापून काढलेल्या त्याच्या चिऱ्यांना तिकडे बेला म्हणतात. पोरबंदर, माधवपूर, वेरावळ, कोडीनार, ऊना, दीव, गोपनाथ अशा सगळ्या किनाऱ्याने तो कमीजास्त रुंदीच्या पट्ट्यात पसरला आहे. शिवाय बरडा डोंगराच्या पायथ्याशी, जुनागढला गिरनारच्या कुशीत, गीरच्या दऱ्यांमध्ये आणि पार कच्छच्या टेकड्यांच्या उतारावरही त्याचे तुकडे सापडतात. किनाऱ्याचा म्हणावा तर तो आत शिरलेला, आणि आतला म्हणावा तर पोट समुद्री जीवांनी भरलेलं.

तुकडा हातात घेतला तर प्रथम निराशाच होते. शंख-शिंपल्यांनी खच्चून भरलेला दगड डोळ्यांसमोर असतो, आणि हातात येतो तो मलईच्या रंगाचा, बारीक रव्याळ, जरासा हलका दगड. अंगठा घासला तर कण सुटतात. व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफस होते, जी काळ्या कातळावर होत नाही. इथपर्यंत साधा चुनखडक. खरी मजा दहापट दाखवणारं भिंग लावल्यावर आहे. मग दिसतं की दगड असा नाहीच, आहेत ते नुसते दाणे. जवळजवळ एकाच मापाचे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे, गोलसर, गुळगुळीत. काही दाणे म्हणजे उथळ, कोमट पाण्यात लाटांनी पुढेमागे लोळवताना चुन्याचे पापुद्रे चढत गेलेल्या गोळ्या आहेत. काही चुनखडीच्या चिखलाचे कडक झालेले गोळे. काही शिंपल्यांचे, समुद्रसाळूंच्या काट्यांचे, चुना साठवणाऱ्या शेवाळांचे तुकडे. आणि त्यांच्यात मधूनमधून पांढरी, चकचकीत, चिनी मातीची वाटावीत अशी चिमुकली कवचं.

ही कवचं फोरॅमिनीफेरा या गटातल्या जीवांची. जीव एकपेशी, पण घर बांधण्यात पटाईत. मिलिओलिडी कुळातला जीव एक कप्पा बांधतो, तो अपुरा पडला की त्याला जोडून दुसरा, मग तिसरा. प्रत्येक नवा कप्पा कवचाच्या लांबीइतका असतो आणि अर्धा वेढा घेतो. क्विंक्वेलोक्युलिना या प्रजातीत बाहेरून पाच कप्पे मोजता येतात, ट्रायलोक्युलिनामध्ये तीन. हे जीव आजही आहेत. उथळ उबदार समुद्रात, समुद्रगवताच्या कुरणांत ते राहतात आणि मेल्यावर त्यांची कवचं किनाऱ्याच्या वाळूत येतात.

या खडकाला मिलिओलाइट हे नाव दिलं ते हेन्री जॉन कार्टरने, १८४९ साली. कार्टर हा मुंबईत नोकरीला असलेला डॉक्टर. अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या ‘पॅलिन्युरस’ जहाजावर तो वैद्य म्हणून गेला आणि तिथून जीवाश्मांच्या नादी लागला. मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर त्याने लिहिलं, तेही वाचण्यासारखं आहे. हौशी माणूस, पण नजर व्यावसायिकाला लाजवणारी. पुढे विलायतेत परत गेल्यावर तो स्पंजांचा जाणकार म्हणून नावारूपाला आला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा दगड त्याने सूक्ष्मदर्शकाखाली घातला, मिलिओलिडी कवचांची गर्दी पाहिली आणि त्यांच्यावरून खडकाचं बारसं केलं. दगड कसा बनला याचा वाद पुढचा. पण नावातच समुद्री जीव बसल्यामुळे पुढे अनेकांनी समुद्र गृहीत धरला, असं मला वाटतं.

हा खडक कशावर बसला आहे, ते आधी पाहू. सगळ्यात खाली लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यावर कुठे कुठे जांभा. मग किनाऱ्यालगत गाज नावाची थरमाला, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीची, पिवळट मातकट चुनखडीची. तिला नाव मिळालं सिंधमधल्या गाज नदीवरून. ज्यांना डोळ्यांनी दिसणारे, खिशात टाकावेसे वाटणारे जीवाश्म हवेत, त्यांनी मिलिओलाइटपेक्षा गाजच्या थरांकडे वळावं. कालवं, पंख्यासारखे शिंपले, समुद्रसाळू, प्रवाळ असा सगळा बाजार तिथे भरलेला आहे. द्वारकेकडे त्याहून नवे थर आहेत. त्यानंतर मिलिओलाइट. आणि अगदी वर, किनाऱ्याला चिकटून, छाया नावाचे शिंपल्यांचे नि प्रवाळांचे थर. पोरबंदरलगतच्या छाया गावावरून हे नाव पडलं.

थोडं आडवळण घेऊन खंबातच्या आखातातल्या पिरम बेटाचाही उल्लेख करायला हवा, कारण सौराष्ट्राचा सर्वांत नावाजलेला जीवाश्म तिथला आहे. घोघ्याच्या समोरचं हे लहानसं बेट. १८३६ च्या सुमारास बॅरन ह्यूगेल या प्रवाशामुळे तिथल्या हाडांकडे जाणकारांचं लक्ष गेलं. तिथल्या गोट्यांच्या खडकात गेंडे, मगरी, हत्तींचे पूर्वज यांची हाडं निघाली. जिराफाच्या कुळातलं एक धिप्पाड, शिंगाळं जनावरही निघालं. ह्यू फॉकनरने १८४५ साली त्याचं नाव ठेवलं ब्रामाथेरियम पेरिमेन्स. ब्रह्मदेवाचं जनावर, पिरमचं. ही हाडं मिलिओलाइटपेक्षा कितीतरी जुनी. त्यांच्यामानाने आपला पोरबंदरी दगड म्हणजे कालचं पोर.

आता वादाकडे येऊ. जे. डब्ल्यू. इव्हान्स या भूवैज्ञानिकाने जुनागढ आणि आसपासचा हा खडक बारकाईने पाहिला आणि १९०० साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की कवचं समुद्रातली आहेत हे कबूल, पण ती इथे आणून टाकली वाऱ्याने. जुनागढचा चुनखडक म्हणजे घट्ट झालेल्या वाळूच्या टेकड्या. त्याच वेळी फ्रेडरिक चॅपमनने त्यातली सूक्ष्म कवचं तपासली आणि त्यानेही या खडकाला वाऱ्याची घट्ट झालेली वाळूच म्हटलं. सगळ्यांना ते पटलं नाही. विसाव्या शतकात बराच काळ एक तट समुद्राच्या बाजूने आणि एक वाऱ्याच्या बाजूने उभा राहिला.

वाऱ्याच्या बाजूचा पुरावा पाहायचा, तर जुनागढच्या उपरकोट किल्ल्यासारखी दुसरी जागा नाही. किल्ल्यात अडीकडी वाव आहे. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. सौराष्ट्रातल्या इतर वावा दगडावर दगड रचून बांधलेल्या असतात. ही बांधलेली नाही, जिवंत खडकात वरून खाली कोरत नेली आहे. दोन्ही हातांना उंच सरळ भिंती आणि मधून शंभरावर पायऱ्या. लोक खालच्या पाण्याकडे बघत उतरतात. मी म्हणेन, भिंतींकडे बघत उतरा.

भिंतीवर बारीक बारीक रेघा दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक थर. समुद्राच्या शांत तळाशी गाळ बसला असता, तर या रेघा आडव्या आणि एकमेकींना समांतर असत्या. इथे त्या तिरप्या आहेत, काही ठिकाणी बऱ्याच तीव्र. काही हात खाली आलं की तिरप्या रेघांचा तो गठ्ठा एका रेषेवर कापल्यासारखा संपतो आणि त्याखाली दुसऱ्या कोनातल्या रेघा सुरू होतात. मग पुन्हा छेद, पुन्हा नवा कोन. वाळूची टेकडी वाऱ्याने पुढे सरकते तेव्हा नेमकं असंच होतं. वारा पाठीकडून वाळू चढवतो आणि शिखरावरून ती पलीकडच्या उतारावर घसरते. कोरडी वाळू तीस-चौतीस अंशांपर्यंतचा उतार धरून राहते, त्याहून अधिक झाला की ढासळते. घसरलेल्या वाळूचा प्रत्येक पदर म्हणजे एक तिरपी रेघ. पुढच्या मोसमात वारा टेकडीचा माथा कापून नेतो आणि त्यावर नवी टेकडी चढते. किल्ल्यातली नवघण कुवो ही विहीर आणि बौद्ध लेणीही याच खडकात कोरलेली आहेत, आणि तिथेही नजर सरावली की ही अक्षरं वाचता येतात.

पाण्याखालीही वाळू तिरप्या थरांत बसते, असं समुद्रवादी म्हणत आणि त्यात चूक काही नाही. म्हणून एकट्या तिरप्या रेघांवर निकाल देता येत नव्हता. पण बाकीचे साक्षीदारही त्याच बाजूला झुकले. दाण्यांचं एकसारखं माप हा एक. वारा चाळणी लावल्यासारखी वाळू निवडतो, जडभरड मागे टाकतो आणि धूळ पार उडवून देतो. आत शिरावं तसं हा खडक सापडतो तोही डोंगरांच्या अंगाला, वाऱ्याला अडवणाऱ्या उतारांवर आणि घळींच्या तोंडाशी, मोकळ्या सपाटीवर फारसा नाही. उडत आलेली वाळू अडथळ्याशी साचते तशीच ही मांडणी. मधूनच त्यात बाजूच्या डोंगरावरून ओघळलेले टोकदार दगडगोटे सापडतात. लाटांनी ते घासून गोल केले असते. काही ठिकाणी झाडांच्या मुळांभोवती चुना जमून तयार झालेल्या नळ्या मिळतात, काही ठिकाणी जमिनीवरच्या गोगलगायींची कवचं. समुद्राच्या तळावर झाडं उगवत नाहीत आणि गोगलगायीही फिरत नाहीत.

सर्वांत बारीक पुरावा सूक्ष्मदर्शकाखालचा. दाणे एकमेकांना चिकटले कशाने? पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि ते किंचित आम्ल होतं. वाळूतून झिरपताना ते कवचांचा थोडा चुना विरघळवतं आणि वाळताना तोच चुना स्फटिकरूपाने पुन्हा ठेवून जातं. दाण्यांच्या मधली जागा पाण्याने कायम भरलेली असेल, तर हा स्फटिकचुना चहूबाजूंनी सारखा वाढतो. जागा हवेने भरलेली असून पाणी फक्त दाण्यांच्या सांध्यापाशी अडकलेलं असेल, तर चुनाही तेवढ्याच सांध्यापाशी, आत वळलेल्या कडेचा जमतो. मिलिओलाइटच्या पातळ कापांमध्ये हा दुसरा प्रकार दिसतो. म्हणजे वाळू घट्ट झाली ती उघड्या हवेत, पावसाखाली.

आज बहुतेक अभ्यासक ज्या मताशी येऊन थांबले आहेत, ते साधारण असं. किनाऱ्याला लागून असलेल्या पट्ट्यातला काही भाग पुळणीचा आणि उथळ समुद्राचा, आणि आतला, डोंगरांच्या अंगावरचा भाग वाऱ्याचा. चोटिल्याचं कोडं त्यात सुटतं. समुद्राला चढावं लागलं नाही आणि टेकडीलाही हलावं लागलं नाही. जीवाश्म खोटं बोलत नाहीत, पण विचारलं तेवढंच सांगतात. कवच सांगतं की जीव कुठे जगला. तो दगडात कुठे गाडला गेला हे थरांना विचारावं लागतं. भूशास्त्राच्या कितीतरी चुका या दोन प्रश्नांची गल्लत केल्यामुळे झाल्या आहेत, आणि तिचा सौराष्ट्राइतका स्वच्छ नमुना मला दुसरा माहीत नाही.

राहतो प्रश्न एवढ्या वाळूचा. आजच्या पुळणीवरून उडून डोंगराच्या कुशी भरतील एवढी चुन्याची वाळू आली कुठून? इथे हिमयुगांची गाठ पडते. ध्रुवांकडे आणि उंच पर्वतांवर बर्फ साचला की समुद्रातलं पाणी तिकडे अडकतं आणि पातळी खाली जाते. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, ती आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. पश्चिम किनाऱ्यासमोरची सागरमग्न खंडभूमी रुंद आणि उथळ आहे. पातळी एवढी घसरली की तिचा मोठा पट्टा उघडा पडतो. खंबातचं आणि कच्छचं, दोन्ही आखातं तेव्हा कोरडी. मुंबईसमोरच्या समुद्रात ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाचं पठार आहे, सुमारे नव्वद मीटर खोल. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना त्याच्यावर चुन्याची वाळू आणि किनाऱ्यावरच तयार होणारा पुळणखडक सापडला. नव्वद मीटर पाण्याखाली पुळण सापडते, म्हणजे कधी काळी किनाराच तिथे होता. अशी कवचांनी भरलेली वाळूची मैदानं उघडी पडली आणि त्यांच्यावरून नैर्ऋत्येचा वारा सुटला, तर तो कुठवर जाईल?

फार लांब जाऊ शकतो. फोरॅमिनीफेराचं कवच पोकळ असल्यामुळे आकाराच्या मानाने हलकं असतं आणि वाऱ्याला ते उचलणं सोपं जातं. १९७७ साली थरच्या वाळवंटातल्या, समुद्रापासून खूप आतल्या वाळूत फोरॅमिनीफेराची कवचं सापडल्याचं आणि ती वाऱ्यानेच आल्याचं दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याही आधी, १९०९ साली, हॉलंड आणि ख्रिस्ती या दोघांनी राजस्थानच्या सरोवरांतलं मीठ कच्छच्या रणावरून वाऱ्याबरोबर येतं असं मांडलं होतं. त्या उन्हाळी वाऱ्याचा अनुभव घेतलेल्या माणसाला चोटिल्यावरच्या कवचांचं फारसं आश्चर्य वाटणार नाही.

खडकाचं वय काढण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. डेक्कन कॉलेजमधले शरद राजगुरू आणि त्यांचे सहकारी सौराष्ट्राच्या नद्यांच्या काठाने हिंडले ते अश्मयुगीन हत्यारांच्या शोधात. हत्यारांचं वय ठरवायचं, तर ती ज्या थरात सापडली त्याचं वय हवं. कार्बनची पद्धत पन्नास हजार वर्षांपलीकडे हात टेकते. म्हणून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेबरोबर युरेनियम-थोरियमची पद्धत वापरली गेली. समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळजवळ नाही. त्यामुळे कवच बनताना त्यात युरेनियम शिरतं आणि थोरियम नसतं. पुढे युरेनियमच्या क्षयातून थोरियम-२३० हळूहळू साठत जातं, त्याचं प्रमाण मोजलं की काळ कळतो. या मोजणीतून मिलिओलाइटचे तीन कालखंड पुढे आले. सर्वांत जुना सुमारे २ लाख १० हजार ते १ लाख ४० हजार वर्षांपूर्वीचा, मधला १ लाख १५ हजार ते ७५ हजार, आणि सर्वांत नवा ७० हजार ते ५० हजार वर्षांपूर्वीचा. खडक सच्छिद्र आहे, पावसाचं पाणी त्यातून सतत खेळतं आणि चुना विरघळून पुन्हा बसतो, म्हणून हे आकडे अगदी काटेकोर धरू नयेत. पण वयाचा अंदाज लाखाच्या घरात बसतो, कोटीच्या नाही, एवढं पक्कं.

हिरण नदी गीरमधून निघून सोमनाथजवळ समुद्राला मिळते. तिच्या काठी उमरेठी इथे मिलिओलाइटच्या खाली अशुलियन पद्धतीची दगडी हत्यारं मिळाली. वरच्या चुनखडकाचं वय निघालं सुमारे १ लाख ९० हजार वर्षं. म्हणजे हत्यारं त्याहून जुनी. जीवाश्म म्हटलं की आपण माणसाच्या पूर्वीचा काळ गृहीत धरतो. इथे उलटं आहे. ही वाळू उडत होती तेव्हा हातकुऱ्हाड घडवणारा माणूस हिरणच्या काठी होऊन गेलेला होता.

एवढ्या तरुण खडकाने इमारती किती जुन्या वाटाव्यात अशा दिल्या आहेत! पोरबंदर शहर त्यातूनच उभं राहिलं. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की तिथे हे चिरे सांध्यांत चुना न भरता नुसते एकावर एक रचतात, आणि पावसापाण्याने ते एकजीव होतात अशी समजूत आहे. अतिशयोक्ती वजा केली तरी त्यामागची क्रिया खरी आहे. वाळूचा खडक ज्या रीतीने झाला, तीच रीत भिंतीच्या सांध्यात थोडीफार चालू राहते. खाणीतून ताजा काढलेला दगड मऊ असतो, करवतीने कापता येतो. अंगातली ओल वाळली की वरचा भाग टणक होतो. नक्षीकाम करणाऱ्याला आणखी काय हवं?

मुंबईने हे बरोबर हेरलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोर्टमध्ये मोठमोठ्या इमारती उठू लागल्या तेव्हा भिंतींना कुर्ल्याचा, मालाडचा दगड होता, पण कमानी, खांबांची डोकी, कंगोरे, पानंफुलं कोरायला काळा कातळ फार चिवट. पोरबंदरहून गलबतांनी दगड आला. विद्यापीठाच्या फोर्टमधल्या जुन्या इमारतींत, राजाबाई टॉवरसकट, तो कुर्ल्याच्या दगडाबरोबर वापरलेला आहे. मुंबईची हवा मात्र त्याला मानवली नाही. गंधकाच्या धुरातून झालेलं आम्ल पावसात उतरलं की चुनखडकाचं पीठ होतं. काळा दगड शाबूत आणि त्याच्या शेजारची फिकट नक्षी बोथट झालेली, असं जिथे दिसेल तिथे बरेचदा हा पोरबंदरी असतो. भिंग घेऊन जवळ जावं. व्हिनेगरचा प्रयोग मात्र तिथे करू नये, रखवालदार हाकलेल आणि बरोबरच करेल.

कोकणातही याचा एक धाकटा नातेवाईक आहे. पुळणीवर, भरतीच्या रेषेजवळ, शिंपल्यांच्या चुऱ्याचा आणि वाळूचा घट्ट झालेला खडबडीत दगड मिळतो, त्याला करळ म्हणतात. तो मिलिओलाइटपेक्षा पुष्कळ नवा आणि पट्टाही अगदी चिंचोळा. सौराष्ट्रासमोरच्या उथळ समुद्रासारखा चुन्याचा कारखाना कोकणाला लाभला नाही, शिवाय इथला पाऊस आणि नद्यांचा गाळही आड आला.

पोरबंदरी दगडाचं पुढचं प्रकरण सिमेंटचं. पोरबंदरला इंडियन सिमेंट कंपनीचा कारखाना १९१४ साली चालू झाला. भारतात सिमेंट उत्पादन खऱ्या अर्थाने स्थिरावलं ते तिथून. शुद्ध चुनखडी उघड्यावर, बंदर शेजारी, खोदायलाही सोपी. आता किनाऱ्याने सिमेंटचे आणि सोडा ॲशचे मोठे कारखाने आहेत, आणि बेला काढणाऱ्या लहान खाणी तर विचारूच नका. रुळांवर सरकणारं गोल पात्याचं यंत्र, ज्याला तिकडे चकरडी म्हणतात, जमिनीला आधी उभे, मग आडवे काप देतं. खाणीच्या भिंती त्यामुळे आरशासारख्या सरळ राहतात. विनापरवाना चकरड्या पकडल्याच्या बातम्या गुजराती वर्तमानपत्रांत नेहमीच्या आहेत.

दगड गेला तर गेला, तो चुनाच होता, असं म्हणून मोकळं होता येत नाही. कारण या खडकाच्या छिद्रांत पाणी आहे. खालचा काळा कातळ पाणी फारसं धरत नाही. मिलिओलाइट धरतो. ऊना-कोडीनारकडच्या किनारपट्टीला ‘लीली नाघेर’, हिरवी नाघेर, म्हणतात ती या पाण्याच्या जोरावर. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. दोघांच्या घनतेतला फरक इतका थोडा, की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची एक मीटर उंची असेल तर तिच्या खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी टिकून असतं. हिशेब उलटाही लागू पडतो. विहिरीतली पातळी एक मीटरने उतरवली, की खारं पाणी खालून चाळीस मीटर वर यायला मोकळं. बैलांच्या मोटेने हे घडत नव्हतं. डिझेल इंजिनं आणि विजेचे पंप आले तशी विहिरींतून खारट पाणी येऊ लागलं. मग शासनाने समित्या नेमल्या, खाड्यांच्या तोंडाशी बंधारे आणि भरतीचं पाणी अडवणारी दारं बांधली. काही ठिकाणी उतार पडला. पण दगड कापून नेला, तर पाणी साठवायची जागाच जाते. ती कोणत्या बंधाऱ्याने परत मिळणार?

या खडकाचे सगळ्यात चांगले छेद आज उपरकोटसारख्या संरक्षित जागी आहेत किंवा चालू खाणींत. आदित्याणा आणि आसपासच्या खाणींच्या भिंतींवर वाळूच्या टेकड्यांची अख्खी चाल वाचता येते. पण खाणपट्टा संपला की खड्डा बुजवला जातो नाहीतर कचऱ्याने भरतो, आणि थरही त्याच्याबरोबर झाकले जातात. तालुक्यागणिक एक भिंत राखायला खर्च जवळजवळ येत नाही. खाणपट्ट्याची मुदत संपताना एक बाजू न कापता सोडायची, तिच्यासमोर माती टाकायची नाही, आणि शाळेच्या सहलीला तिथवर जाता येईल एवढी वाट ठेवायची. पट्टे मंजूर करणाऱ्यांनी ही अट कागदावर घालावी. जुनागढला जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी तोवर अडीकडी वाव चुकवू नये. सकाळी लवकर जावं, तिरप्या उन्हात रेघा चांगल्या दिसतात.